साहेबपाळीचा गहू

दौंडला लोक गाडी बदलायला उतरतात. तिथून भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात शिरायला कोणी मुद्दाम उतरत नाही, आणि उतरलंच तर घरी येऊन त्यावर लिहायला बसत नाही. काश्मीर, बद्रीकेदार, फार तर लंडन, यांची वर्णनं आपण आवडीनं वाचतो. मी मात्र पौषापासून वैशाखापर्यंत तीनदा या मुलखात जाऊन आले आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. ज्यांनी ते गाव पाहिलं नाही आणि बहुधा पाहणारही नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गावाचं नाव सांगत नाही. वडगाव रासाईच्या अंगाला, नदीच्या उत्तरेला आहे, एवढं पुरे.

पुण्याच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. परदेशातल्या एका बड्या बँकेचा माणूस पाहणीला येणार होता आणि त्याला दुभाषी हवी होती. ही बँक माणसांना कर्ज देत नाही, देशांना देते. मोठा दुष्काळ सरून तीनचार वर्षं झाली होती आणि बँकेला नुकतीच गरिबांची आठवण झाली होती. इतकी वर्षं धरणं न् वीजघरं बांधून झाल्यावर, पाणी शेवटी कोणाच्या रानात गेलं ते आता आपण बघू या, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

आलेल्या साहेबांचं नाव हेन्रिक. उंच, जरा वाकून चालणारे, उन्हानं नाक सोललेले. जीपमध्ये बसल्या बसल्या ते मला म्हणाले, "आमची बँक आजवर चुकत आली आहे, हे मला माहीत आहे. तिला आतून बदलायचं म्हणूनच मी नोकरीत राहिलो." मला ते फार आवडलं. इतकं सरळ बोलणारा साहेब मी आपल्याकडं तरी पाहिला नव्हता.

वरवंड

सोलापूर रस्त्यानं निघालो. वरवंडला पोचतो न पोचतो तोच चाक बसलं. ड्रायव्हर पंक्चर काढून आणीपर्यंत आम्ही तिघं हॉटेलातल्या बाकावर बसलो: मी, हेन्रिकसाहेब आणि सोबत दिलेले एक सरकारी इंजिनिअर. चहा असा गोड की चमचा उभा राहावा. आमच्या अलिबागकडं एवढ्या साखरेत घरातले सगळे चहा पितात. साहेबांनी मात्र कप निपटून काढला आणि भजीही मागवली, तेवढ्यात इंजिनिअरांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

शेजारी एक म्हातारे तंबाखू मळत बसले होते. त्यांनी मला विचारलं, "कुठल्या बँकंचं सायेब हायेत?"

"लांबची बँक आहे, आबा. समुद्रापलीकडची."

"आन् वसुलीला हितवर आलं?"

मी जसंच्या तसं सांगितलं. साहेब खळखळून हसले आणि म्हणाले, "यांना सांगा, मी द्यायला आलोय." आबांनी ऐकून घेतलं, तंबाखू तोंडात टाकली आणि म्हणाले, "वसुलीवाला बी पैल्यांदा द्यायलाच येतो." ते मी सांगितलं तेव्हा साहेब थोडे कमी हसले.

नदीपलीकडं

आम्ही गेलो त्या अंगाला पूल नव्हता, नदी होडीनं ओलांडली. पौषाचं ऊन होतं आणि नदीत पाणी भरपूर. उतरताना साहेबांचा बूट चिखलात अडकला आणि पाय तेवढा मोकळा वर आला. काठावर आमची वाट बघत उभ्या असलेल्या आप्पांनी स्वतः वाकून तो बूट उपसून दिला. आप्पा म्हणजे तिथल्या उपसा सिंचन सोसायटीचे चेअरमन. पांढरंशुभ्र धोतर, आवाज मऊ, आणि पाहुण्याला काय लागेल ते पाहुण्याच्या आधी कळणारा माणूस.

योजना अशी होती. काठावर पंपघर, त्यात मोटारी. तिथून पाइपानं पाणी माळावरच्या हौदात जायचं आणि हौदाचा व्हॉल्व्ह उघडला की चारीनं शेतोशेती. व्हॉल्व्हची चावी आप्पांच्या कंबरेला. चारीच्या तोंडाशी आप्पा आणि त्यांच्या भावकीचा ऊस. मध्ये इतरांची ज्वारी, कांदा. चारीच्या शेपटाला बौद्धवाड्यातल्या लोकांची मुरमाड रानं. शेवटच्या रानापर्यंत पाणी पोचलंच पाहिजे, ही बँकेची अट होती. ते पोचलं तर पुढच्या टप्प्याला कर्ज मिळणार होतं.

आधी हुरडा झाला. शेतात आगटी पेटवून कोवळी कणसं भाजत होते. आमच्याकडं अशाच थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावतात, पण तिथं मडकं उघडेपर्यंत हात चोळत बसावं लागतं. इथं कणीस हातावर मळून गरम दाणे समोर येतात, सोबत लसणाची चटणी, दही आणि आप्पांच्या घरचा गूळ. साहेबांनी स्वतः कणीस मळायला घेतलं आणि तळहात भाजून घेतला. जेवून निवांत होईपर्यंत आप्पांनी घाई म्हणून केली नाही.

मग चारीच्या कडेनं चालत निघालो. पाणी शेवटपर्यंत खळखळत होतं. शेपटाच्या रानात एक बाई लुगड्याचा ओचा खोचून, हातात खोरं घेऊन गव्हाला पाणी देत होती. एक वाफा भरला की माती ओढून पुढचा फोडायची. काम थांबवून तिनं आम्हाला "जय भीम" केला. ही भागाबाई. पन्नाशीच्या पुढची, विधवा, वाड्यातले सगळे तिचा सल्ला घ्यायचे.

साहेबांनी विचारायला सांगितलं, "पाणी नीट मिळतं का?"

"मिळतं की," ती म्हणाली. "सायेब आलं की मिळतं."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे कसं, मावशी?"

"म्हंजी सायेब यायचं असलं की आदल्या दिशी व्हॉल उघडत्यात. मंग पार आमच्यापातुर पानी येतं. येरवी वरच्या उसातच जिरतं. आमी ह्याला साहेबपाळी म्हनतो."

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. गाडी किती वाजता येते हे सांगावं तशी सांगत होती. इंजिनिअरांना ठसका लागला. आप्पा मात्र हसले. "भागाबाईला चेष्टा लई," असं म्हणाले आणि बांधावर जाऊन उभे राहिले.

तिनं आम्हाला घरी नेलं. शेंगदाणे, गूळ आणि कोरा चहा. साहेबांनी मांडी घालून सगळं खाल्लं. इंजिनिअरांचं पोट एकाएकी बिघडलं, त्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. तिथं भागाबाईनं सगळं उलगडून सांगितलं. गेल्या साली मुंबईचे साहेब आले, मग दिल्लीचे आले, प्रत्येक वेळी पाणी आलं. ते बघून यंदा तिनं आयुष्यात पहिल्यांदा गहू पेरायचं धाडस केलं होतं. दुसरं कोणी पाऊस मोजून पेरतं, ही बाई साहेब मोजून पेरत होती.

"पर गहूच का?" मी तिच्यासारखंच विचारलं.

तिनं कारण सांगितलं. गावात सप्त्याला गव्हाची खीर होते, मोठ्या काहिलीत. तिच्या लहानपणी वाड्यातली माणसं लांब बसायची आणि सगळ्यांचं झालं की वरून वाढली जायची. "आता पंगतीला घेत्यात, न्हाई म्हनत न्हाई मी. पर वाढनारा कायम त्योच आन् खानारं कायम आमी. यंदा वैशाखी पुनवंला आमच्या विहारापुढं खीर करायची आन् समद्या गावाला वाढायची. माज्या रानातल्या गव्हाची. रेशनच्या न्हाई. तुमी बी यायचं, ताई."

मी येईन म्हटलं. मग ती म्हणाली, "सायेबास्नी इचारा, पुना कवा येनार?"

साहेब म्हणाले, माघ संपता संपता नक्की येईन. भागाबाईनं बोटांवर हिशेब घातला. "तवा गहू चिकात असंल," ती म्हणाली. गव्हाच्या दाण्यात दूध भरतं तो चीक. तेव्हा एक पाणी मिळालं तर दाणा भरतो, न मिळालं तर वाळतो. "बराबर हाय. तवाच यावं म्हनावं. न चुकता."

होडी मध्यावर आल्यावर साहेब म्हणाले, "आम्हाला आजवर नुसता देखावा दाखवत होते. आम्ही तो बघून कागद रंगवत होतो. आता मी येईन, पण कोणाला न सांगता. असंच बँक बदलेल." मलाही ते पटलं. कोणालाही पटलं असतं.

दौंड

माघाच्या शेवटी आम्ही सरकारी जीप टाळून पॅसेंजरनं दौंडला उतरलो. उतरेपर्यंत साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर इंजिनाच्या कोळशाची कणी बसली होती आणि ते शाळा बुडवलेल्या पोरासारखे खुशीत होते. रेल्वेच्या उपाहारगृहात ऑम्लेट-पाव खाल्लं. समोर इंजिनात पाणी भरायची ती लोखंडी सोंड होती. इंजिन भरलं तरी ती चालूच होती आणि पाणी रुळांत सांडत होतं. पलीकडं रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरांपुढं बागा होत्या, जास्वंदी होत्या. दौंडात रेल्वेला पाणी कमी नाही. मी तेव्हा हे सहज पाहिलं. संध्याकाळी परत आले तेव्हा ते सांडणारं पाणी मला बघवेना.

एक तीनचाकी टेम्पो ठरवून नदीकाठ गाठला, होडीनं पलीकडं गेलो. काठावर कोणी नव्हतं. पंपघरातून मोटारीचा आवाज येत होता. आप्पांचा ऊस पुरुषभर वाढलेला, मुळाशी पाणी तुंबलेलं. उसाच्या पुढं चारी कोरडी होती, तळाला भेगा पडलेल्या. साहेब दर पन्नास पावलांवर थांबून फोटो काढत होते.

भागाबाई बांधावर बसली होती. आम्हाला बघून ताडकन उठली, आणि पहिल्यांदा तिनं आमच्याकडं नव्हे, चारीकडं पाहिलं. मग आमच्याकडं.

"तुमी कळवलं न्हाई?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "नाही मावशी. साहेबांना खरं काय ते बघायचं होतं."

गहू पिवळा पडायला लागला होता. तिनं एक लोंबी तोडून माझ्या हातावर चुरडली. दाणे होते, पण पोटाला पोट लागलेले. "आज पानी मिळालं तर निम्मा तरी हाताला लागंल," ती म्हणाली. "आठ दिस वाट बघतीया. माघ सरत आला, सायेब येनार, म्हंजी पानी येनार. वाड्यातल्या समद्यास्नी सांगून बसले. आता आलाच हायसा तर सायेबास्नी म्हनावं, व्हॉल उघडाया सांगा. येवढंच."

इतक्यात आप्पा लगबगीनं आले. कोणीतरी वर्दी दिली असावी. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "कळवलं असतं तर बरं झालं असतं, साहेब." भागाबाई म्हणाली होती तेच. साहेबांनी माझ्यामार्फत विचारलं, इथं पाणी का नाही? आप्पा शांतपणे म्हणाले, "यांची पाळी शुक्रवारी. शुक्रवारी सोडू की." भागाबाई म्हणाली, "शुक्रवारचं पानी तुमच्या उसाच्या खाली उतरलंय का कवा, आप्पा?" त्यावर आप्पांनी आम्हाला पंपघराच्या भिंतीपाशी नेलं. भिंतीवर तेलरंगात नियम लिहिला होता: पाळीबाहेर कोणाच्याही शब्दाखातर पाणी सोडू नये. "हा नियम तुमच्याच बँकेनं घालून दिलाय," आप्पा म्हणाले. "मागल्या साहेबांनी. वशिला बंद व्हावा म्हणून."

मी साहेबांना इंग्रजीत म्हटलं, नियम राहू द्या. तुम्ही एक शब्द टाकलात तर हे नाही म्हणणार नाहीत. यांना पुढचा टप्पा हवा आहे.

साहेबांनी त्या नियमाचा फोटो काढला. मग म्हणाले, "मी सांगून पाणी सोडायला लावलं तर आज मीच देखावा केल्यासारखं होईल. मला तो मोडायचा आहे. मी पाणी द्यायला आलेलो नाही, खरं काय ते बघायला आलो आहे. यांना नीट समजावून सांगा."

नीट समजावून सांगा. दुभाष्याला भाषा येते, म्हणून हे असलं काम त्याच्या वाट्याला येतं. आम्ही परत चारीच्या शेपटाला गेलो आणि मी भागाबाईला शब्द न शब्द सांगितला. तिनं मान खाली घालून ऐकला.

"मंग बघितलं का त्यांनी?"

"बघितलं, मावशी."

"मंग झालं," ती म्हणाली आणि खोरं खांद्यावर टाकून घराकडं गेली. त्या दिवशी तिनं आम्हाला चहाला बोलावलं नाही. मला त्या उंच, भल्या माणसाचा इतका राग आला की होडीत मी त्यांच्याकडं पाठ करून बसले.

दौंडला गाडी यायला वेळ होता. साहेब बाकावर बसून बोलत होते. आता बँक सगळीकडं न कळवता भेटींचा नियम करील, आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये, सगळीकडं. आता बँकेला कोणी फसवू शकणार नाही. ही खरी सुधारणा. मी विचारलं, "आणि गहू?" त्यांचे डोळे भरले, ते मी नाकारत नाही. म्हणाले, "एका शेताकडं बघून चालत नाही. पुढच्या हजारो शेतांचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "तुमचे जुने साहेब फसायचे, तेव्हा निदान चारी तरी ओली व्हायची." गाडी आली तेव्हा त्यांनीच माझी पिशवी उचलून आत ठेवली.

गाडीत मला आमच्या खारातली उघाडी आठवत होती. अलिबागकडं खाडीकाठच्या भातशेतीला बांध घालतात आणि आतलं पाणी बाहेर सोडायला त्यात दार ठेवतात, ती उघाडी. ती सांभाळतात ज्यांची शेतं बांधाच्या आत आहेत तीच माणसं. भांडतात, डोकी फोडतात, पण भरतीला दार उघडं राहिलं तर आपलंच भात खारं होणार, हे प्रत्येकाला माहीत असतं. या बँकेचं कसं आहे? तिचं भात कधीच खारं होत नाही. बँक सुधारेल का, असं मला आता लोक विचारतात. सुधारते की. दर दोन वर्षांनी सुधारते. आधी वशिला बंद केला, मग देखावा बंद केला, उद्या आणखी काही बंद करील. तिची नजर दरवेळी आधीपेक्षा साफ होते. व्हॉलची चावी मात्र ज्याच्या कंबरेला होती त्याच्याच कंबरेला राहते, आणि ती भागाबाईच्या हातात द्यावी, हे कोणाही साहेबाच्या मनात येत नाही. आलं, तर तो आपल्या कक्षेबाहेरचा प्रश्न ठरतो.

वैशाखी पुनव

तिसऱ्यांदा मी एकटी गेले, खिरीच्या आमंत्रणाला. जाऊ नये असंच वाटत होतं, पण शब्द दिला होता. नदी आटून गेली होती, होडी लागलीच नाही, दगडांवरून पलीकडं गेले. जाण्याआधी पुण्यात ते इंजिनिअर भेटले होते. ते म्हणाले, हेन्रिकसाहेबांनी सगळं खरं लिहिलं, म्हणून पुढचा टप्पा अडकला आणि साहेबांना बढती मिळून ते दुसऱ्या खंडात गेले. आता तिकडं कोणी फिरकत नाही. सांगताना त्यांचं पोट ठीक दिसत होतं.

विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. पुढं निळ्या पताका, आत दोन तसबिरी, दाराशी ताज्या शेणाचा सडा. वंदना झाली. काहिलीत खीर रटरटत होती आणि भागाबाई पदर खोचून उलथनं फिरवत होती. मला बघून ती ओळखीचं हसली. माझ्या मनात अढी होती, तिच्या मनात दिसली नाही.

गहू रेशनचा होता. तांबडा, जाडा, कुठल्याशा बोटीतून आलेला. तिच्या रानातला गहू चिमटला, तो कोंबड्यांना घालावा लागला. "येक वंजळ टाकलाय माजा बी," ती म्हणाली. "टाकायचा म्हनून टाकलाय. शिजत न्हाई त्यो."

सगळ्या गावाला निरोप गेला होता. गावातून चारदोन पोरं आली आणि एक म्हातारी. बाकी कोणी आलं नाही. आप्पांना खोकला होता. मात्र त्यांनी गड्याच्या डोक्यावर गुळाची ढेप पाठवली होती, त्यांच्या गुऱ्हाळातली, मोठी, पिवळीधमक. आप्पा माणुसकीला चुकत नाहीत.

मी पंगतीत बसले. भागाबाईनं स्वतः वाढलं, पत्रावळीत मावेना इतकं. पहिला घास घेतल्यावर तिनं विचारलं, "कशी झालीया?"

"गोड झाली आहे, मावशी."

"व्हय. गूळ आप्पांच्या उसाचा हाय," ती म्हणाली आणि पुढच्या पत्रावळीकडं गेली. दाताखाली एक कडक दाणा आला. तो मी तसाच गिळला.

निघताना ती नदीपर्यंत आली. कोरड्या चारीच्या कडेनं आम्ही चालत होतो, ती पुढं, मी मागं.

"ताई, त्या बँकंचे सायेब पुना येतील का?"

"हे नाही येणार. दुसरे कोणी येतील कधीतरी."

"त्यास्नी माजं येक सांगा. न सांगता येऊ नगा म्हनावं. आदल्या दिशी कळवा आन् मंगच या."

"मावशी, अहो, तो देखावा होता."

ती थांबली. "असंल," ती म्हणाली. "पर पानी खोटं नव्हतं."

मी सांगते म्हणाले. कोणाला सांगायचं ते मला माहीत नव्हतं.